आधी पट्टी वाच, भाव मग

ये, बस इथं ओट्यावर. बिबड्यांवर पाय देऊ नको, अजून ओले आहेत. आण तो कागद इकडे. मोठ्या अक्षरातलं वाचायला मला चष्मा लागत नाही. खाली जे बारीक छापलंय त्यासाठी लागतो, तेवढा आतून घेऊन ये.

तर धुळ्याच्या शोरूममधला पोरगा म्हणाला, "मॅडम, आखाजीला डिलिव्हरी पाहिजे असेल तर आजच बुकिंग टाका, या रंगाच्या दोनच गाड्या राहिल्यात." आणि तू? अकरा हजार टाकून आलीस की काय? नाही? शाबास. पाव्हणे खिशात हात घालत होते आणि तू त्यांना डोळ्यांनी थांबवलंस, असंच ना? तेवढं नानांचं रक्त उतरलंय तुझ्यात.

तू तेव्हा फार लहान होतीस, तुला नाही आठवणार. नाना मिरची घेऊन दोंडाईच्याच्या मार्केटात जायचे. रात्री परत आले की पायरी चढायच्या आधीच माय विचारायची, "भाव कितला लागना?" नाना भाव सांगायचे, माय खूश व्हायची, तांब्या पुढे करायची. मग जेवणं आटोपली की नाना दिव्याखाली पट्टी उघडायचे आणि बोट तळापासून वर न्यायचे. हमाली, तोलाई, आडत. तेव्हा आडत शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापायचे. भाव चांगला लागलेला असायचा आणि हातात यायचं ते दुसऱ्याच हिशोबाने. मला जवळ बसवून म्हणायचे, भाव सगळ्यांना वाचता येतो, तू पट्टी वाचायला शीक. मी पुढे बत्तीस वर्षं पतसंस्थेत खाती लिहिली ती याच शिकवणीवर.

आणि एवढं शिकूनही पहिल्या गाडीच्या वेळेला मी फसले बरं का. कुठलं शोरूम ते नाही सांगत, माणसंही आता बदलली तिथली. तुझ्या दाजींनी आणि मी मिळून पंधरा हजारांची सूट मिळवली. दोन तास घासाघीस केली. साहेब शेवटी उठून हात जोडत म्हणाले, "ताई, तुमच्यापुढे हरलो." मला केवढा आनंद! घरी येऊन बिल घेऊन बसले तेव्हा कळलं. विमा बाजारापेक्षा अकरा हजारांनी जास्त, अॅक्सेसरीज अठरा हजारांच्या, त्यातल्या अर्ध्या वस्तू मी मागितल्याच नव्हत्या, आणि वर हँडलिंग म्हणून साडेसहा हजार. भावात जिंकले आणि पट्टीत हरले. तो माणूस हात जोडून हसत का होता ते मला त्या रात्री समजलं.

म्हणून तुझा हा कागद आपण नानांसारखा वाचू.

पहिली ओळ, एक्स-शोरूम, सात लाख चोवीस हजार. ही किंमत कंपनी ठरवते, जीएसटी यातच असतो. गाडी कारखान्यातून धुळ्यापर्यंत आणायचा खर्चही यातच आला, हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. इथे आकडा खोडायला जाऊ नको. कंपनीच्या साइटवर याच मॉडेलचा, याच व्हेरियंटचा, महाराष्ट्रातला आकडा काढ आणि जुळतो का बघ, बस.

आता सुटीची ओळ बघ. "एकूण लाभ बहात्तर हजार." केवढा मोठा आकडा, पिवळ्या रंगात! त्यातले किती कसले, हे त्याला लिहून मागितलंस का? तिथेच तर खोच आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला. आधी अठ्ठावीस आणि वर एक टक्का सेस होता. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल असेल तर बाराशे सीसीपर्यंत इंजिन. तुझी त्यात बसते. ती कपात सरकारने केली, किंमत तेव्हाच उतरली. पण काही विक्रेते अजून जुनी किंमत वर लिहून तो फरक आपल्या सुटीत मोजून दाखवतात. म्हणून त्याला विचार, यातली कंपनीची ऑफर किती, तुमच्या शोरूमची किती, एक्स्चेंज बोनस किती आणि कॉर्पोरेट किती. तू जिल्हा परिषदेची शिक्षिका. सरकारी नोकरांना, शिक्षकांना बऱ्याच कंपन्यांत वेगळी सूट असते. ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ने. मागितल्याशिवाय ती सूट कागदावर येत नाही, हे मी दोनदा पाहिलंय. आणि एक्स्चेंज बोनस तुझ्या कागदावर कसा काय आला? तुम्ही जुनी गाडी देणार आहात कुठे? बघ, न मिळणारी रक्कमही बेरजेत धरलीय.

तर बहात्तर हजारातलं हे सगळं गाळून जे उरेल, त्यातला शोरूमचा स्वतःचा जो भाग, तोच काय तो घासाघिशीचा. तो लहान असतो. नव्या गाडीवर डीलरला फार मोठं मार्जिन नसतं, त्याची खरी कमाई खालच्या ओळींत असते. म्हणून वर तो हसत हसत सोडतो आणि खाली घट्ट धरतो.

खाली ये. "आरटीओ, ८८,५००." एकच आकडा, उक्ता. उक्त्या आकड्यावर कधी बोलू नये, आधी तो फोडायला लावायचा. पेट्रोल गाडी, दहा लाखांच्या आत, व्यक्तीच्या नावावर, तर महाराष्ट्रात एकदाच भरायचा कर अकरा टक्के. सात चोवीसचे अकरा टक्के ७९,६४०. डिझेलला तेरा टक्के, सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी, तो २०२५च्या जुलैपासून एक टक्क्याने वाढला तरीही कमीच. नोंदणीची फी ६००. कर्ज काढलंस तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. स्मार्ट कार्डाचे २००. थोडा उपकर, टपाल, काय असेल ते धर. चौऱ्याऐंशीच्या आत बसतं सगळं. मग वरचे साडेचार हजार कसले? तो म्हणेल, "मॅडम, आरटीओत वरखर्च असतो." त्याला शांतपणे म्हण, आरटीओची पावती ऑनलाइन निघते, जेवढी पावती तेवढे पैसे मी देईन. हे वाक्य पाठ कर. सरकारच्या पैशात सूट नसते, पण सरकारच्या नावाने वाढवलेले पैसे मात्र जागच्या जागी कमी होतात.

विम्याकडे आता नीट बघ, कारण सगळ्यात जास्त पाणी इथे मुरतं. ४१,८०० लिहिलेत. विम्याचे दोन भाग असतात. एक दुसऱ्याच्या नुकसानीचा, थर्ड पार्टी. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८पासून नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर सरकारी. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला २०२२मध्ये ठरलेला हप्ता १०,६४० रुपये, जीएसटी धरून साडेबारा हजार. कुठल्याही कंपनीत गेलीस तरी तोच. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तो एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तो आणि त्यावरची तोरणं, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, किल्ली हरवली तर, सामान चोरीला गेलं तर, यांचा भाव मात्र कंपनीगणिक बदलतो. तुझ्या कागदात हा भाग एकोणतीस हजारांच्या वर जातो.

शोरूमवाला म्हणेल, विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो. नाही लागत. विमा नियामकाने २०१७मध्येच डीलरांसाठी नियम केलेत, ते तुला सक्ती करू शकत नाहीत. तू असं कर. आजच फोनवर बसून आणखी दोन कंपन्यांचे आकडे काढ. पण एक काळजी घे. गाडीची विम्यातली किंमत, तिला ते आयडीव्ही म्हणतात, ती सगळीकडे सारखी धर. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या पंच्याण्णव टक्के, म्हणजे तुझी सहा लाख सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केला की आपण खूश होतो, आणि गाडी चोरीला गेली की रडतो. तोरणंही सारखीच धर. मग ते दोन कागद त्याच्या टेबलावर ठेव आणि काही बोलू नको. बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणतो, थांबा, साहेबांना विचारून येतो.

आणि माझं मत विचारशील तर, फरक दोन-अडीच हजारांवर आला की विमा शोरूमचाच घे. उद्या सोनगीरच्या फाट्यावर कुणी मागून ठोकलं तर गाडी त्याच वर्कशॉपला जाणार. तिथे कॅशलेस सुरळीत झालं की ते दोन हजार वसूल होतात. पण दहा-बारा हजारांचा फरक असेल तर एवढा मोठा मान द्यायचं कारण नाही. बाहेरचा घेतलास तर धुळ्यात त्या कंपनीचं कॅशलेस कुठल्या वर्कशॉपला चालतं, तेवढं आधी विचार. झिरो डेप पहिली पाच वर्षं ठेवच, पाव्हण्यांचं रिव्हर्स मी पाहिलंय.

हस नको. खरं आहे ते.

अॅक्सेसरीज चोवीस हजार पाचशे. "बेसिक किट." कोणी मागितलं होतं? रबरी मॅट आणि मडफ्लॅप ठीक, ते लागतात, तुझ्या शाळेच्या रस्त्याला तर नक्की. सीटकव्हर मात्र जपून. नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगा सीटमध्येच असतात, वरून जाड कव्हर शिवून टाकलं तर अपघातात त्या उघडायच्या कशा? घ्यायचंच तर एअरबॅगला चालणारं घे. खालून गंज न लागण्याचा लेप? आपल्याकडे समुद्र आहे का ग? बुराई नदीला वर्षातून किती दिवस पाणी असतं ते तुला माहीत आहे. नव्या रंगावर टेफ्लॉन म्हणजे नव्या साडीला इस्त्री. बाकी परफ्युम, दाराचे व्हायझर, मानेच्या उशा, सगळं बाहेर निम्म्यात मिळतं. सरळ म्हण, किट नको, या दोन वस्तू घेते. "किटशिवाय गाडी मिळत नाही" असं तो म्हणाला तर म्हण, हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. कोणी लिहून देत नाही.

मग हे "लॉजिस्टिक अँड हँडलिंग, ७,५००." हीच ती हमाली. वरच्या ओळीत गाडी धुळ्यापर्यंत आणल्याचे पैसे एकदा भरलेत ना आपण? मग ही दुसरी हमाली कसली? फार वाद घालू नको. एवढंच विचार, "ही रक्कम जीएसटीच्या कुठल्या बिलावर येईल?" आणि थांब. ही ओळ बऱ्याचदा अशीच गळून पडते.

फास्टॅगचे पैसे सोड, ते लागतातच. वाढीव वॉरंटी चांगली असते, पण ती आजच घ्यायला पाहिजे असं नाही. बऱ्याच कंपन्यांत मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, भाव थोडा वाढतो इतकंच. आणि गाडी दहा लाखांच्या वर असती तर एक टक्का टीसीएस लागला असता, तो रिटर्न भरताना वळता होतो. तुला त्याची काळजी नाही.

आता मांडी बदल आणि हे ऐक, कारण पाव्हणे इथेच घसरणार आहेत. कर्ज. शोरूममध्येच एक माणूस टेबल टाकून बसलेला असेल. तो म्हणेल, "साहेब, फक्त सात टक्के!" तू विचार, फ्लॅट की रिड्यूसिंग? पाच लाख, पाच वर्षं, सात टक्के फ्लॅट. व्याज झालं एक लाख पंचाहत्तर हजार, हप्ता ११,२५०. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पाच लाखांवरच मोजलेलं. आपल्या बँकेच्या पद्धतीने बसवलं तर हाच दर साडेबारा टक्के पडतो! तुझ्या पगाराच्या बँकेने नऊ टक्के रिड्यूसिंगने दिलं तर हप्ता १०,३७९ येईल. महिन्याला पावणेनऊशेचा फरक, पाच वर्षांत बावन्न हजार. तिकडे तुम्ही दोघं तीन हजारांच्या मॅटसाठी भांडत बसाल आणि इकडे बावन्न हजार गुपचूप निघून जातील. आधी बँकेत जा, मंजुरीचं पत्र घे, मग शोरूमला जा. बायकांच्या नावाने कर्जाला काही ठिकाणी थोडी सवलत असते, तीही विचार. कर्ज तुझ्या नावाने, गाडी तुझ्या नावाने. पगार तुझा जाणार आहे.

यावरून आठवलं. तो पोरगा सगळं पाव्हण्यांकडे बघून बोलत होता ना? मायलेजही त्यांना, किंमतही त्यांना. आणि रंग आला की तुझ्याकडे वळला असेल, "मॅडम, तुम्हाला कुठला आवडतो?" असं झालं की रागावू नको. वहीत लिहीत राहा. वही उघडून ओळीओळीने लिहिणाऱ्या बाईला ते टरकतात, मी अनुभवाने सांगते. आणि पाव्हण्यांना आधीच सांगून ठेव, "मस्त आहे गाडी" हे शब्द सही होईपर्यंत तोंडातून काढायचे नाहीत. नाना बैल बघायला मला न्यायचे तेव्हा सांगायचे, पसंत पडलेल्या बैलाकडे जास्त वेळ बघू नको, हेडी आपले डोळे वाचतो. बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे. बाहेर उभं राहून काही कळायचं नाही, कोणी कोणाला काय दिलं. मला वाटायचं हा बाजार आता संपला. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडे बघायला गेलं की तेवढा आठवायचा. मग शोरूममध्ये गेले आणि बघते तर तोच रुमाल. फक्त इथे तो चार रंगांत छापलेला असतो, आणि वर "ऑन-रोड प्राइस" असं लिहिलेलं असतं.

बैलावरून दुसरं. नाना आधी दात बघायचे. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलाय. मालक काही का सांगेना. गाडीचे दात म्हणजे तिचा बनल्याचा महिना आणि वर्ष. चासीस नंबरात त्याची खूण असते, आणि पुढे आरसीवरही छापून येते. आता एप्रिल चालू आहे. कागदावर सही करायच्या आधी त्याच्याकडून चासीस नंबर माग आणि विचार, कारखान्यातून कधी निघाली. गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरची निघाली तर घाबरायचं कारण नाही. पण विकायच्या वेळेला गिऱ्हाईक वर्ष बघतं, आणि ती एक वर्षाने म्हातारी ठरते. तू बारा वर्षं वापरणार असशील, आणि मला माहीत आहे तू वापरणार, तर तो तोटा तुला फारसा बोचणार नाही. पण त्याची किंमत मात्र आज वसूल कर. जुना माल आहे, म्हणून एवढे कमी करा, असं स्पष्ट म्हण. इथे शोरूमला खरंच सोडावं लागतं, कारण उभ्या मालावर त्यालाही व्याज चढत असतं.

आखाजीचं काय म्हणतेस? मायला वचन दिलंयस, की गाडी आखाजीला दारात येईल. मी कुठे नाही म्हणते? पण पाडवा, आखाजी, दसरा, धनत्रयोदशी, या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. ज्याच्या दारात रांग लागलीय तो भाव कशाला उतरवेल? पितृपक्षात जाऊन बघ, चहाबरोबर बिस्किटंही येतात. माझं ऐकशील तर मायला पटेल असा मधला मार्ग काढ. सौदा आधी पक्का करून ठेव, आखाजीच्या दिवशी नारळ फोडून इसार दे, मुहूर्त साधला. गाडी महिनाअखेरीला आण. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत त्यांचं टार्गेट अडलेलं असतं, एका गाडीसाठी मॅनेजर स्वतः खुर्चीवरून उठून येतो. आणि मायला खापरावरच्या पुरणपोळ्या करायला कारण दोनदा मिळेल.

इसार देताना मात्र डोळे उघडे ठेव. बुकिंगच्या फॉर्मवर एक ओळ असते, "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील." ती त्यांची आहे, आपण काढू शकत नाही. पण ठरलेली सूट, किट नको, हँडलिंग नाही, विमा अमुक इतक्याचा, हे त्याच फॉर्मवर हाताने लिहून मॅनेजरची सही घे. बुकिंग मोडलं तर पैसे किती दिवसांत परत, तेही. पैसे शोरूमच्या खात्यावरच टाक, त्या पोराच्या मोबाइल नंबरवर नाही, तो कितीही गोड असला तरी.

आणि एका दुकानाच्या भरवशावर राहू नको. आपल्याला धुळ्याला एसटीने जावं लागतं, पण शिंदखेड्याचं स्टेशन सुरत-भुसावळ लाइनवर आहे. इकडे बसलं की नंदुरबार, तिकडे बसलं की नरडाणा, अमळनेर करत जळगाव. तीन जिल्ह्यांची शोरूमं आपल्याला तीन दिशांना. जायचीही गरज नाही, फोन कर, व्हॉट्सअॅपवर कोटेशन मागव. तेच मॉडेल, तोच व्हेरियंट, तोच विमा. सौदा ओळीओळीने करायचा, पण तुलना बेरजेची करायची, नाहीतर एक जण विम्यात कमी करतो आणि दुसरीकडे भरून काढतो. जळगावचा कागद स्वस्त निघाला तर तो धुळ्यात दाखव आणि सरळ सांग, सर्व्हिसिंगला मला तुमच्याकडेच यायचंय, घ्यायचीही तुमच्याकडूनच आहे, एवढ्याला द्या. नाही दिली तर जळगावहून आण. नंबर एमएच १८चाच मिळेल ना, तेवढं तिथे आधी विचार.

कधी उठायचं ते सांगते. दोनदा विचारून झालं, मॅनेजर येऊन गेला, तरी आकडा हलत नाही, तर वही मिट आणि "बरं, विचार करून कळवते" म्हणून ऊठ. खरंच ऊठ, दारात घुटमळू नको. चहा प्यायला म्हणून भीड वाटेल. चहा पी, भीड धरू नको. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत फोन येतो. नाही आला, तर समज आपला आकडा जरा जास्तच ताणलेला होता, आणि आपणच फोन करावा. त्यात कमीपणा काही नाही.

पण त्या पोराला घालूनपाडून बोलू नको हं. तो साक्रीचा नाहीतर शिरपूरचा असेल, कोणाच्या तरी घरातला पहिलाच शिकलेला. त्याचा पगार बेताचा, वरचं सगळं टार्गेटवर. हा कागद त्याने नाही बनवला, त्याला छापून दिला. आपल्याला बरोबर भावात गाडी पाहिजे, त्याला एक गाडी विकल्याचं समाधान पाहिजे, दोन्ही होऊ शकतं. शोरूम बुडवून घेतलेली गाडी मलाही नको. त्यांनाही लाइटबिल आहे.

शेवटचे पैसे भरायच्या आधी, पासिंगच्या आधी, गाडी दिवसाउजेडी उन्हात बघ. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या चकाकतात. चासीस नंबर फॉर्मवरचाच आहे का, किलोमीटर किती फिरलेत, टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते चारही टायरांवर आणि स्टेपनीवर वाच. दुसरी किल्ली, जॅक, पाना. एसी दुपारी दोन वाजता लावून बघ, आपल्या उन्हाळ्यात सकाळी बघितलेल्या एसीला अर्थ नाही. एखादा ओरखडा दिसला तर "पॉलिश करून देतो" यावर हो म्हणू नको, दुसरी गाडी माग. पैसे भरायच्या आधी दुसरी मिळते, नंतर पॉलिशच मिळतं. आणि एवढं करूनही कोणी कागदाबाहेर पैसे उकळले, तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. नुसता तो नंबर मोबाइलमध्ये काढून टेबलावर ठेवला तरी आवाज मऊ होतो.

बघ, बेरीज केली मी. तुझ्या कागदावरून आरटीओचे साडेचार, हँडलिंगचे साडेसात, किटमधले वीस तरी, विम्यातले नऊ-दहा. चाळीस हजारांच्या पुढे जातंय, अजून सुटीला हात लावलेला नाही. आणि तू मघाशी मला सांगत होतीस, "आक्का, तो आणखी पाच हजार कमी करायला तयार झालाय."

चल, तो बिबड्याचा घाणा संपव माझ्याबरोबर. उद्या सकाळी बँकेत जा, परवा जळगाव आणि नंदुरबारला फोन लाव. धुळ्याला शनिवारी जाऊ, मीही येते, पण मागे बसेन, बोलायचं तू. आणि हो, डिलिव्हरीच्या दिवशी ते लोक पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात, केक कापायला लावतात. काढ फोटो. पेढे मात्र आपण घरून नेऊ, त्या पोरालाही एक देऊ.